अप्पांचा फणस आणि माझी चेनसॉ

रविवार, २० एप्रिल. सकाळी ८.

गौरीचं लग्न ठरलं. ५ जून, इथेच कोलकात्यात, बेहालातल्या हॉलमध्ये. मुलगा सिद्धेश, ठाण्याचा. चांगला आहे. फक्त मशिनरीचा विषय काढला की फोनमध्ये बघतो.

हेमाचा एकच हट्ट आहे. अंगणातल्या फणसाच्या खोडाचे दोन पाट करायचे, आणि नवरानवरीने अंतरपाटाच्या दोन बाजूंना त्या पाटांवर उभं राहायचं. फणस तिच्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, राजापूरहून आठळी आणून इथे लावलेला. हेमा त्याच्या सावलीत वाढली. मागच्या वर्षी कालबैशाखीच्या वादळात तो पडला तेव्हा ती दोन दिवस नीट जेवली नव्हती. खोड वर्षभर पत्र्याखाली वाळत ठेवलंय. अप्पा नेहमी म्हणायचे, गौरीच्या लग्नाला माझ्या झाडाचे पाट. अप्पांना जाऊन चार वर्षं झाली.

हेमा म्हणाली, सॉमिलवाल्याला सांगते, तासाभरात फळ्या काढून देईल. मी म्हणालो, घरात टेक्निकल माणूस असताना? ती म्हणाली, कोण?

एकोणीस वर्षं ऑफिसच्या ॲडमिनमध्ये लिफ्ट, एसी आणि जनरेटरच्या मेन्टेनन्स कॉन्ट्रॅक्टवर सह्या करतोय. घरात याची किंमत शून्य.

खोडाचं माप घेतलं. लांबी सात फूट दोन इंच, जाडी दीड फूट. एक पाट साधारण वीस इंच लांब. म्हणजे मटेरियल भरपूर.

संकल्प: दोन्ही पाट मी स्वतः करणार. चेनसॉ घेणार. १५ मेच्या आत काम संपवून उरलेले दिवस पॉलिशला.

त्याच दिवशी, ११ वाजता.

हेमाचा विहीणबाईंशी, निर्मलाताईंशी, फोन चालू आहे. अर्धा तास नुसता फणस. केवढं मोठं झाड होतं, गच्चीच्या वर जायचं, मोसमात सगळी गल्ली गरे न्यायची. पाट अखंड फळीचे होणार, एकही सांधा नाही. ठाण्याला कोणाकडे असे पाट बघायला मिळणार नाहीत म्हणे. इतका आनंद तिला माझ्या प्रमोशनचाही झाला नव्हता.

बुधवार, २३ एप्रिल.

चेनसॉ आली. सेकंडहँड, ऑफिसातल्या शरदकडून. त्याच्या मेव्हण्याने चहाच्या बागेत वापरलेली. चहाची झुडपं कमरेएवढी असतात, म्हणजे मशीनला फारसं काम पडलेलं नाही. चांगला सौदा.

न्यू टाउनच्या ऑफिसातून बसने मांडीवर घेऊन आलो. शेजारच्या सीटवर बेहालापर्यंत कोणी बसलं नाही. प्रवास आरामात झाला.

संध्याकाळी शेजारचे मृणालबाबू कुंपणाच्या भिंतीवरून डोकावले. गार्डन रीचला जहाजाच्या कारखान्यात छत्तीस वर्षं फिटर होते, आता रिटायर. त्यांनी मशीनचं झाकण उघडलं, आतल्या स्प्रॉकेटवर बोट फिरवलं आणि हिंदीत म्हणाले की दात्यांना खाचा पडल्या आहेत, आधी हे बदला, नाहीतर कुठलीही साखळी टिकणार नाही.

स्प्रॉकेट म्हणजे इंजिनाजवळचं लहान दातेरी चाक. ते फिरतं आणि साखळीला ओढतं. साखळी एका लांब पट्टीभोवती धावते आणि लाकूड कापते. बस, एवढंच. लोक उगाच बाऊ करतात. जहाजवाल्यांना सगळं मोठं करून बघायची सवय असते. मी हसून धन्यवाद दिले.

रविवार, २७ एप्रिल. दुपारी १.

शुभारंभ. स्कूटरचं हेल्मेट, चष्मा, जाड हातमोजे. मशीन झाडून पुसून, साखळी धुऊन पुन्हा बसवली होती. हेमाने खोडाला हळदकुंकू वाहिलं. मी स्टार्टर ओढला. एकविसाव्या ओढीला सुरू.

दोन तास कापलं. धूर भरपूर आला, भुसा आला नाही. खोडावर काळी रेघ उठली आहे. राजापूरचं लाकूड काय असतं हे आज कळलं.

दुपारी ४.

मृणालबाबू म्हणाले की साखळी उलटी बसवली आहे, धार मागच्या बाजूला आहे. मी सांगितलं की नवीन मशीन सेट व्हायला मी मुद्दाम तशी लावली होती. ते मान हलवत राहिले. माणूस चांगला आहे पण शंकेखोर.

साखळी सुलट केली. एक ट्रायल काप घेतला, टोकाकडून चार इंचांचा. लोण्यासारखा निघाला. पण मग साखळी ढिली पडून पट्टीखाली लोंबायला लागली.

इंटरनेटवर वाचलं. साखळी वापराने वाढते. तापली की आणखी वाढते. मोठ्या मोठ्या देशांत होतं हे. गरम असतानाच स्क्रू पिळून घट्ट केली. एकदम कडक. वा.

शिल्लक: सहा फूट दहा इंच.

सोमवार, २८ एप्रिल. सकाळी ७.

साखळी जागची हलत नाही. पट्टीला अशी आवळून बसली आहे की बोटांनी तसूभर सरकेना. काल तर छान होती. रात्रीत आक्रसली. कोलकात्याची दमट हवा. लोखंडावर परिणाम होणारच.

हेमाने विचारलं, पाट कधी. सांगितलं, हवामानामुळे थोडा विलंब.

गुरुवार, १ मे.

सुट्टी. सकाळी मंडळात महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन. तिथे हेमाने आणखी सहा बायकांना पाटांबद्दल सांगितलं. मीही दोन शब्द बोललो, मुख्यतः साखळीच्या ताणाबद्दल. बायका नम्रपणे पोह्यांकडे गेल्या.

दुपारी साखळी ढिली केली, कापली, ढिली झाली, घट्ट केली, कापली, पुन्हा ढिली. दर वेळी ताण बरोबर झाला का हे कापून बघावंच लागतं. त्यात दोन-तीन चकत्या गेल्या. त्याला इलाज नाही. भाताचं शीत चेपून बघतोच ना आपण.

हेमा म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. मी स्पिरिट लेव्हल लावून दाखवली. अंगण खरोखर वाकडं आहे.

शिल्लक: सहा फूट तीन.

शनिवार, ३ मे.

निदान झालं. साखळीच जुनी. आज चांदनी मार्केटमध्ये जाऊन नवी आणली. दुकानदाराने तीन प्रश्न विचारले: दोन कड्यांमधलं अंतर किती, जाडी किती, एकूण कड्या किती. मी म्हणालो, रेग्युलर. गिऱ्हाईकाला घाबरवायच्या युक्त्या मला माहीत आहेत. जुनी साखळी सोबत आणली होती का, असंही विचारलं. जुनी कशाला आणू, मला नवी हवी आहे.

रविवार, ४ मे.

नवी साखळी स्प्रॉकेटवर नीट बसत नाही. कड्या दात्यांमध्ये न बसता दात्यांच्या डोक्यावर चढतात. कंपनीने कड्यांचं अंतर चुकवलेलं दिसतं. थोडं फिरवलं की आपोआप बसेल, अशा अंदाजाने मशीन चालू केलं.

साखळी निसटली. कपड्यांची दोरी तुटली. मला काही झालं नाही. हेमाची इस्त्रीची साडी चिखलात पडली, त्यावर मात्र बरंच बोलणं झालं. गौरीला बंगलोरला फोन करून सांगितलं गेलं. गौरी म्हणाली, बाबा तू प्लीज हात कापून नको घेऊ, लग्नात फोटो आहे. तिचं मराठी इथे वाढल्यामुळे जरा तुटक आहे, पण भावना पोचली.

निसटण्याआधी खोडाचं टोक वेडंवाकडं चावलं गेलं होतं. जुन्या साखळीने ते सरळ करून घेतलं.

शिल्लक: पाच फूट आठ.

शनिवार, १० मे.

दुकानदाराकडे पुन्हा. या वेळी जुनी साखळी नेली. त्याने तिला मोजलं, तशीच्या तशी नवी दिली आणि वर म्हणाला की स्प्रॉकेटही बदला, जुन्या चाकावर नवी साखळी घातली तर चाक तिला खाऊन टाकतं. हा आणि मृणालबाबू एकमेकांना ओळखत असावेत.

बदललं नाही. एकोणीस वर्षं सह्या करणाऱ्या माणसाला व्हेंडर ओळखता येतो.

रविवार, ११ मे.

आज शास्त्रीय पद्धतीने काम. दर दहा मिनिटांनी एक काप, आणि प्रत्येक कापानंतर साखळी किती लोंबली ते मोजून वहीत नोंद. सहा काप घेतले. निष्कर्ष: साखळी वाढते.

नव्या साखळीचं हे असं असेल तर कंपनीला कळवायलाच हवं. इंग्रजीत ईमेलचा मसुदा केला. तुमची साखळी रबराची आहे का, असा कडक शब्दप्रयोग आहे. पाठवण्याआधी एकदा वाचीन.

हेमा चहा घेऊन बाहेर आली. खोडाकडे बघून थोडी थांबली. म्हणाली, हे आखूड नाही का दिसत? मी म्हणालो, उन्हात बघितलं की तसं वाटतं. ती म्हणाली, अजूनही सांगते, सॉमिलवाल्याला बोलावू. मी म्हणालो, दोन पाट म्हणजे दोन पाट, शब्द दिलाय. ती आत गेली. चहा ठेवून गेली, म्हणजे विश्वास आहे.

शिल्लक: तीन फूट आठ. पाटाला वीस इंच पुरतात. चिंतेचं काही नाही.

बुधवार, १४ मे.

ताण द्यायचा स्क्रू शेवटापर्यंत आला. आता पिळायला जागा नाही. साधा उपाय: साखळीच्या दोन कड्या कमी करायच्या. ऑफिसला दांडी. कानस, खिळा, हातोडा. तीन तासांत कड्या काढल्या.

आता साखळी पट्टीवर चढतच नाही. आखूड पडते. वाढते तेव्हा वाढते, आणि हवी तेव्हा नाही. चांदनीला तिसरी फेरी, आणखी एक नवी साखळी. दुकानदाराने मला चहा पाजला.

रविवार, १८ मे.

नवी साखळीही दोन दिवसांत बोथट झाली. धार स्वतः लावली. साखळीला एक दात डावीकडचा, एक उजवीकडचा असे असतात. उजव्या बाजूचे दात मनासारखे झाले. डावीकडच्यांना माझा हात वळत नाही, त्यांना नुसता स्पर्श केला. एकूण सरासरी चांगली आली आहे.

कापताना मशीन आपोआप एका बाजूला वळतं. चकत्या एका अंगाला जाड, एका अंगाला पातळ निघतात. चार घेतल्या, चारही तशाच. मृणालबाबू म्हणाले की दोन्ही बाजूंचे दात सारखे घासले नाहीत तर काप कमानीसारखा जातो. मी म्हणालो, लाकडातच पीळ आहे. ते म्हणाले की त्यांच्याकडेही नवरीला लाकडाच्या पाटावर बसवून भाऊ उचलून मांडवात आणतात, त्यांच्या बहिणीचा पाट त्यांनी स्वतः केला होता, आणि हवं तर आजच्या आज ते माझं काम करून देतील.

नको म्हणालो. जावयाने सासऱ्यांच्या झाडाचं काम शेजाऱ्याकडून करून घ्यायचं, मग अप्पांना वर काय तोंड दाखवू?

शिल्लक: अडीच फूट.

शनिवार, २४ मे.

माझ्या डोक्यात एक कल्पना आली. स्प्रॉकेटच बदलून बघावं. इतके दिवस कोणाला सुचलं नाही याचं नवल वाटतं.

बदललं. जुनं हातात घेऊन पाहिलं. दाते झिजून खाचा पडल्या होत्या, साखळी त्यात बसण्याऐवजी घसरत होती. नव्या चाकावर मीच धार लावलेली साखळी चढवली आणि काय सांगू. कडी दात्यात जाऊन बसली, आवाजसुद्धा निराळा. थंड असताना ताण दिला. मधोमध बोटाने वर ओढली तर नाण्याएवढी फट, सोडली की जागेवर. एक महिना जिच्यामागे लागलो होतो ती साखळी आज माझी झाली. डोळ्यांत पाणी आलं.

आनंदाच्या भरात दोन काप घेतले. साखळी केसभरही वाढली नाही. तिसरा घ्यायचा मोह आवरला.

शिल्लक: एक फूट दहा. म्हणजे बावीस इंच. पाट वीस इंचांचा. मी म्हणालोच होतो. आता उभं चिरायचं, फळ्या काढायच्या, दोन पाट. उद्या संध्याकाळपर्यंत हेमाच्या हातात.

रविवार, २५ मे. सकाळी १०.

ठोकळा उभा केला, पाचरी मारल्या, खडूने रेघा आखल्या. मशीन पहिल्या ओढीला सुरू. हेमाला बोलावून शेजारी उभं केलं. तिने सकाळीच न्हाऊन घेतलं होतं.

दुपारी १२.

काप तिरका गेला.

वरून बरोबर मधून सुरू केला होता. खाली एका कडेला जाऊन बाहेर पडला. कमानीसारखा. ताण बरोबर होता. स्प्रॉकेट बरोबर होतं.

सरळ करायला दुसरा काप घेतला. तो दुसऱ्या कडेने गेला नाही, त्याच कडेने गेला.

दुपारी ४.

हेमा बादली उपडी घालून त्या ठोकळ्याशेजारी बसली आहे. रागावली नाही. मी आर्द्रता, लाकडातला पीळ, साखळीच्या कंपनीचा निष्काळजीपणा, सगळं नीट समजावून सांगितलं. तिने ठोकळ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, सुरुवातीची सात वर्षं अप्पांनी याला बादलीने पाणी घातलं होतं. इथली माती त्याला मानवत नव्हती.

मग म्हणाली, गौरीचा तरी पाट होईल का?

मला फार वाईट वाटलं. त्यात मशीनचा दोष किती आणि लाकडाचा किती, हे सावकाश बघितलं पाहिजे.

बुधवार, २८ मे.

हेमाने व्हॅन-रिक्षा बोलावली आणि ठोकळा सॉमिलला न्यायला निघाली. मी टेक्निकल गाइडन्ससाठी मागोमाग गेलो.

सॉमिलवाल्याने ठोकळा तीनदा फिरवून बघितला. चकतीसारखा, मग पाचरीसारखा, मग नुसताच. त्याने विचारलं, हे कोणी कापलं? मी म्हणालो, एक माणूस आला होता. तो म्हणाला, त्याला परत बोलावू नका. मी म्हणालो, नाही बोलावणार. हेमा शेजारीच उभी होती.

अखंड फळी एकच निघाली. दुसरीला रुंदी उरली नव्हती. लागलेला वेळ: चार मिनिटं. मी घड्याळ लावलं होतं.

त्याने पाय ठोकून पाट करून दिला. मधासारखा रंग. मृणालबाबू तेल लावून घासत बसले, दोन दुपारी. त्यांनी मला एकदाही काही विचारलं नाही. मीही स्प्रॉकेटचा विषय काढला नाही.

रविवार, १ जून.

गौरी आली. पाट बघून म्हणाली, खूप सुंदर आहे बाबा, दुसरा कुठे? हेमा म्हणाली, जेवायला चल.

संकल्प: विहीणबाईंनी विचारलं तर उत्तर तयार ठेवायचं. एक, समुद्रकाठचं बीज गंगेच्या मातीत. दोन, वादळात खोडाला बसलेला अंतर्गत पीळ. तीन, नवऱ्यामुलाला मऊ पाट बरा. पाठ करतोय.

गुरुवार, ५ जून. संध्याकाळी ७.

लग्न लागलं. मुहूर्त ११.४०. अंतरपाटाच्या एका बाजूला गौरी, अप्पांच्या पाटावर. दुसऱ्या बाजूला सिद्धेश, डेकोरेटरच्या प्लायवुडवर, लाल मखमल लावलेल्या. ती एका कोपऱ्यात सुटली होती. अक्षता टाकताना मी सगळा वेळ तो कोपराच बघत होतो.

जेवणाआधी विहीणबाईंनी हेमाला बाजूला घेऊन विचारलंच. म्हणाल्या, तुम्ही दोन म्हणाला होतात ना? इतकं मोठं झाड होतं ना तुमच्या वडिलांचं?

मी पेढ्यांचं ताट घेऊन दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. तिन्ही उत्तरं पाठ होती. हेमा एकदा माझ्याकडे बघेल आणि मग मी बोलेन, असं वाटलं.

तिने माझ्याकडे बघितलंच नाही. पदर सारखा केला, हसली, आणि म्हणाली, नाही हो, झाड लहानच होतं. एकच निघाला.

विहीणबाई म्हणाल्या, असू दे, असू दे, आणि एक पेढा घेतला. मी पुढच्या माणसाकडे ताट नेलं.

झाड लहान नव्हतं.